डवऱ्यातला चिखल

ओल्या रेतीचा वास आला की माझे हात आपोआप पाठीमागे जातात. ऐन मे महिन्यात रोह्याजवळच्या डोंगरातून उतरताना माझी बाटली कधीच संपली होती आणि घशाला कोरड पडली होती. सुकलेल्या ओढ्यात पळसाच्या पानांनी झाकलेला डवरा दिसला. वाडीतल्या बायकांनी रेतीत उकरलेला हातभर खड्डा, तळाशी वाटीभर नितळ पाणी, काठावर करवंटी. करवंटीने अलगद घ्यायचं आणि पुन्हा झिरपेपर्यंत थांबायचं, हे मला ठाऊक होतं. पण धीर कुठला! जास्त पाणी लागेल म्हणून मी दोन्ही हातांनी खोल उकरलं आणि सगळा चिखल केला. तेवढ्यात रिकामा हंडा घेऊन एक म्हातारी आली. "कोनी ढवळला रं ह्यो?" "मी आलो तेव्हा गढूळच होता, आजी." सकाळपासून थोडा थोडा भरलेला तिचा दुसरा हंडा सावलीत होता, तो तिने आणला. "आधी हात धू," म्हणाली आणि माझ्या कोपरापर्यंतच्या चिखलावर पाणी ओतलं. मग प्यायला दिलं. आता शिबिरांत मी रानातलं पाणी शोधायला शिकवतो, डवऱ्याचंही सांगतो. तिने माझे हात धुतले, एवढं मात्र कुणाला सांगितलेलं नाही.