साडभाऊ आणि मोठा आकडा

अमरावती जिल्ह्यात रक्त कुणाचंही निघो, माझ्या साडभाऊंनी रिपोर्ट पाहिल्याशिवाय त्या माणसाला आजारी पडायची मुभा नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वैद्यकाशी त्यांचा संबंध एवढाच, की शेंदूरजनाघाटला त्यांनी चाळीस वर्षं संत्र्याचे बगीचे पारखले. नुसती एक फेरी मारून किती माल निघेल ते सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. धंदा मुलाकडे सोपवून ते अमरावतीला राहायला आले, पण नजर स्वस्थ बसेना, म्हणून ती त्यांनी लोकांच्या रिपोर्टांवर रोखली. परतवाड्याची भाची, धामणगावचे व्याही, सगळे मोबाईलवर रिपोर्ट पाठवतात. साडभाऊ चष्मा कपाळावर चढवून, फोन हातभर लांब धरून वाचतात आणि डॉक्टरच्या आधी निकाल देतात. मी अकोल्याहून गेलो की पाणी विचारायच्या आधी "रिपोर्ट आनला काय?" म्हणून विचारतात. नाही म्हटलं की इतके हिरमुसतात, की हल्ली मी एखादा जुना का होईना, खिशात ठेवतो.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. मलाही साडभाऊच म्हणत ते सांगायचे, "साखर अन् बीपी सोडलं साडभाऊ, तं मोठा आकडा कधीच वाईट नसते." ठळक अक्षरांत छापलेला आकडा म्हणजे त्यांच्या लेखी मशीनने दिलेली शाबासकी. थायरॉइड म्हणजे गळ्यातलं इंजिन. टीएसएच हा रिपोर्टातला त्याचा आकडा; तो जास्त तर इंजिन जोरात, कमी तर मंद. शेजारच्या निवृत्त तलाठ्यांचा टीएसएच अगदी कमी निघाला, तेव्हा साडभाऊंनी त्यांना मंद ठरवलं आणि अंगात चपळाई यावी म्हणून रोज सकाळी मैदानावर चालायला नेऊ लागले. तलाठी घामाघूम, हात थरथरताहेत, पण चाल अशी की साडभाऊ अर्धं मैदान मागे. मी एकदा पाहायला गेलो तर हे बाकावर बसून धापा टाकत म्हणाले, "लय मंद मानूस आहे बापा. याले चालवता चालवता मीच मरून राहिलो!"

मग अक्कांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, रिपोर्ट आला. टीएसएच हवा त्याच्या तिपटीहून जास्त. साडभाऊंनी नातेवाइकांत फोन फिरवले. "आमच्या घरची पयली आली!" इकडे अक्का एप्रिलच्या अमरावतीत शाल पांघरून बसायच्या. कंगव्यात केसांचा पुंजका यायचा, आवाज घोगरा झाला होता, भाजी चिरता चिरता डोळा लागायचा. साडभाऊ ओसरीवरून हाक मारायचे, "ऐकलं काय! चहा!" उत्तर येईना, तसा दर महिन्याला आवाज चढत गेला. "इंजिन इतलं जोरात, अन् बाई आळशी! काहून उठत नाही?" अक्का भिंतीला हात टेकून उठायच्या. मीही तेव्हा साडभाऊंसमोर मान डोलावली होती. त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी माझ्या बायकोने अकोल्याहून येऊन बहिणीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रिपोर्ट समजावून सांगायला साडभाऊ सोबत आलेच, त्यांच्यामागे मी. बाईंनी त्यांचं सगळं शास्त्र, संत्र्याच्या बगीच्यांसकट, शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकाजी, तोडाईचे मजूर ढिले पडले तर तुम्ही काय करता?"

"ओरडतो."

"अजून ढिले पडले तर?"

"अजून जोरात ओरडतो."

"मग हा आकडा कामाचा नाही, ओरडण्याचा आहे. टीएसएच म्हणजे डोक्यातून गळ्यातल्या ग्रंथीला दिलेली हाक. काकूंची ग्रंथी थकली, म्हणून डोकं तिच्यावर ओरडून राहिलं."

साडभाऊ बारीक आवाजात म्हणाले, "अन् आकडा कमी असला तं?"

"तर बहुतेक ग्रंथीच जास्त धावून राहिली. मग वरून हाक कशाला?"

साडभाऊंनी तिथूनच तलाठ्यांना फोन लावला, "बसा! जिथं असान तिथं बसा! अन् आजच डॉक्टरले दाखवा!"

घरी पोचल्यावर फाटकाशी माझा हात धरून म्हणाले, "दोन वर्सं थे थकली होती साडभाऊ. अन् मी ओसरीवर बसून नुसता आकडा वाढवून राहिलो."

आता पहाटे पाचला अक्कांच्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला साडभाऊच देतात. गोळीनंतर अर्धा तास चहा नाही. ज्या माणसाने जन्मात पाच मिनिटं चहाची वाट पाहिली नाही, तो स्वतःचा कपही तोवर भरत नाही. दोन महिन्यांनी आकडा उतरला, तर लहान आकड्याचे पेढे वाटणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. अक्कांची शाल कपाटात गेली. साडभाऊ मात्र इतके हळू बोलू लागले, की परवा मी गेलो तेव्हा अक्काच माझ्याकडे तक्रार करत होत्या, "यायले सांगा बापा, एखांद्या वेळी तं हाक मारा. घर सुनंसुनं वाटते."

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि ओसरीवरून भीतभीत म्हणाले, "ऐकलं काय?"

"ऐकलं," अक्का म्हणाल्या. पहिल्याच हाकेला.