ग्रॅहमचा शेवटचा क्लॉज

"माल आमच्या फॅक्टरीच्या गेटबाहेर पडला की तो तुमचा," ग्रॅहम म्हणाला. "पुढे पोर्टवर काय होतं, ते आमच्या डोक्याला नको."

बोलला इंग्रजीत, पण अर्थ एवढाच. जेद्दातल्या आमच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला तो, ब्रिटनच्या एका चीज कंपनीचा एक्स्पोर्ट डायरेक्टर. दुसऱ्या बाजूला आमचे मालक अबू फहद, मी आणि नूफ. मी परचेस मॅनेजर मुकादम, मूळचा दापोलीकडचा. सौदीतल्या सुपरमार्केटांत त्या कंपनीचं चीज आमच्यामार्फत जायचं. ती एजन्सी मी मिळवलेली, हे आधीच सांगून टाकतो. उगाच विनय नको.

भांडण कशावरून ते सांगतो. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडला. टीव्हीवर त्यावर वर्षानुवर्षं वाद चालले होते, आम्हाला मात्र त्याचा अर्थ जेद्दा पोर्टवर कळला. चीजबरोबर हेल्थ सर्टिफिकेट लागतं, म्हणजे माल खाण्यालायक आहे असं त्या देशाच्या सरकारी डॉक्टरने लिहून दिलेलं. ग्रॅहमच्या लोकांनी सवयीने युनियनचाच जुना फॉर्म भरून पाठवला. पोर्टवरच्या ऑफिसरने विचारलं, हा देश त्या युनियनमध्ये आहे का? नाही. मग हा फॉर्म चालणार नाही. रीफर, म्हणजे फ्रिजवाला कंटेनर, तिथेच उभा राहिला. नवा फॉर्म येईपर्यंत चीजची मुदत संपली आणि सगळा माल फेकावा लागला. ग्रॅहम म्हणे चूक तुमच्या पोर्टची, आम्ही म्हणू चूक तुमच्या फॉर्मची. जुना करारही युनियनच्या नियमांवर बेतलेला, म्हणून आता नवा करायचा होता. नाही जमला तर एजन्सी दुसऱ्याला जाणार, आणि दुसरा जेद्दातच टपून बसला होता.

माझ्यापुढे आणखी एक गोष्ट होती. परचेस मॅनेजरच्या जागेवर सौदी माणूसच हवा, असा नियम आला होता. नूफ त्या जागेसाठी आलेली. मी तिला तयार करायचं, आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की दापोली गाठायची. आपल्याच खुर्चीवर बसणाऱ्याला आपणच शिकवायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पण मी जीव तोडून शिकवलं. उपकार म्हणून नव्हे. मुकादमच्या हाताखालचं माणूस कच्चं निघालं असं कोणी म्हणायला नको म्हणून. अबू फहदना मात्र तिचा भरवसा नव्हता. तिला प्रश्न विचारायचा असला तरी ते माझ्याकडे बघून विचारत.

तर ग्रॅहम म्हणे गेटपासून माल तुमचा. मी म्हणालो, जेद्दा पोर्टवर पास होईपर्यंत तुमचा. दुपारच्या नमाजपर्यंत आम्ही दोघं हीच दोन वाक्यं आलटूनपालटून म्हणत होतो. नमाजनंतरही तेच. शेवटी तो लॅपटॉप मिटायला लागला.

"चीज नंतर पाठवा," नूफ म्हणाली. "कागद आधी पाठवाल का?"

तिचं म्हणणं सरळ होतं. कंटेनर भरायच्या आधी सर्टिफिकेटचा ड्राफ्ट ईमेल करायचा. ती तो इथल्या ऑफिसरला दाखवणार. त्याने हो म्हटलं तरच माल निघणार. त्यानंतर पोर्टवर कागद अडला तर नुकसान आमचं. न दाखवता माल पाठवला तर तुमचं.

"पण ऑफिसर आधी बघून देईल?" ग्रॅहमने विचारलं.

"मी जाऊन विचारून आले. हो म्हणाले. माल परत पाठवायची त्यांनाही हौस नाही."

इतकी वर्षं आमची सरकारी कामं मुअक्किब करायचा, म्हणजे ऑफिसांत फिरून कागद पास करून आणणारा माणूस. तो सांगेल ते खरं. परदेशी माणसाने ऑफिसरसमोर उभं राहून 'जरा आधीच बघून द्या' म्हणावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या आलं, कारण ते तिच्या देशाचं ऑफिस होतं. जरा बोचलं, नाही कशाला म्हणू. मग मात्र छाती अशी फुगली की काय सांगू. शेवटी शिकवलेली माझीच ना!

नूफने ते कागदावर उतरवून दिलं. ग्रॅहमने दोनदा वाचलं आणि मान डोलावली. "एक शेवटचा क्लॉज," तो खाली पेनने लिहीत म्हणाला. "आमच्याकडे सगळंच बदललंय. इथे एक तरी गोष्ट तीच राहू दे. जबाबदार माणूस म्हणून मिस्टर मुकादमचं नाव करारात हवं. ते गेले तर आम्हाला करार मोडता येईल."

अबू फहद मला शेजारच्या मजलिसमध्ये, त्यांच्या गालिचे-तक्क्यांच्या बैठकीत, घेऊन गेले. खूश होते. इथे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून मी अबू इरफान, इरफानचा बाप. "खलास, अबू इरफान! झालं काम! तुझ्या इकाम्यावर सल्लागार लिहून घेतो. काम तेच, पगार तोच. नूफ नावापुरती मॅनेजर."

खोटं कशाला बोलू, राहायचं होतं मला. धाकटीची पुढच्या वर्षी इथल्या इंग्रजी शाळेत दहावी, दापोलीच्या घराचा वरचा मजला अर्धवट. एक हो म्हटलं की झालं. पण मग नूफने आत्ता टेबलावर जे केलं, ते माझ्या नावावर जमा होणार आणि ती शोभेची बाहुली. ते काही माझ्या घशाखाली उतरेना.

तेवढ्यात कहवा आला, वेलची घातलेली बिनदुधाची कॉफी. इथली एक रीत आहे. पाहुण्याला काही मागायचं असेल तर तो पेला न पिता समोर ठेवतो. यजमानाने विचारायचं, आणि शब्द मिळाला की मगच प्यायचं. लग्नाची बोलणी, जमिनीची भांडणं मी त्या बैठकीत अशी मिटताना पाहिली होती. स्वतः कधी केलं नव्हतं. आपण नोकर माणसं, पेला आला की पिऊन टाकायचा.

त्या दिवशी मी तो खाली ठेवला.

अबू फहद बघत राहिले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"तुमच्याकडेच तर नोकरी केली."

ते हसले. "माग. पगार वाढवून हवा?"

"करारात नूफचं नाव घाला. आणि ते तुम्ही स्वतः सांगा."

हसू गेलं. "तो उठून जाईल."

"जाईल कदाचित. पण कागद पास करून आणणारी ती आहे, मी नाही. माझं नाव घालणं म्हणजे त्याला फसवणं."

"आणि तू?"

"मी तर जाणारच होतो."

त्यांनी स्वतःचा पेला सावकाश संपवला. मग माझ्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इश्रब." म्हणजे पी. कॉफी गार झाली होती, तशीच प्यायलो.

टेबलाशी परत येऊन अबू फहदनी ग्रॅहमला सांगितलं, नाव नूफचं राहील. ग्रॅहमने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग तो तिच्याकडे वळला.

"कागद अडला तर फोन कोणाला करू?"

"मला. शुक्रवारची सुट्टी असली तरी."

त्याने पेनने माझं नाव खोडलं, तिला स्पेलिंग विचारून तिचं लिहिलं आणि सही केली. अबू फहदनी सही करायच्या आधी एक शंका विचारली, आणि ती तिच्याकडे बघून विचारली. माझ्या नोकरीत मला इतका आनंद कशानेच झाला नव्हता.

घरी बायको म्हणाली, "स्वतःचं नाव स्वतःच खोडून आलात? धन्य आहे तुमची!" धाकटीने दहावी दापोलीत केली आणि त्यावरून मला अजून ऐकवते, इंग्रजीत. वरचा मजला हळूहळू होतोय. त्या करारानंतर मात्र कागदासाठी एकही कंटेनर अडला नाही.

धंद्यात नवी आलेली पोरं विचारतात, करारात आधी काय बघायचं, किंमत की मुदत? मी सांगतो, अडचण आली की फोन कोण उचलणार, त्याचं नाव बघा. तो माणूस तुम्ही नसाल, तर स्वतःचं नाव खोडायला पेन तुम्हीच पुढे करा.