काचीगुड्यातली रिकामी पाकिटं

काचीगुडा स्टेशनाबाहेर माझी भाची नंदा स्कूटर घेऊन उभी होती. मला वाटलं, सामान स्कूटरवर जाईल आणि मी रिक्षात. तिनं सामान पायाशी ठेवलं आणि मलाच मागं बसवलं. सत्तरी उलटलेली बाई मी, अंगावर नऊवारी, चारी बाजूंनी मोटारी. नल्लकुंट्याला तिच्या घरी पोचेपर्यंत माझे डोळे मिटलेले होते, तेव्हा त्या रस्त्याचं वर्णन मला विचारू नका.

परभणीहून निघताना तुम्ही सगळ्यांनी चारमिनार बघून या म्हटलं होतं. बघितला, लांबून. मी फिरायला गेलेच नव्हते. नंदानं पत्र लिहून कामासाठी बोलावलं होतं. चौथी पास म्हातारीचं हैदराबादेत काय काम, हे मला गाडीतही कळलं नव्हतं.

सकाळी शेजारच्या तेलुगू बाईंनी पेसरट्टू (हिरव्या मुगाचं धिरडं) आणि गोंगुऱ्याचं लोणचं पाठवलं. गोंगुरा म्हणजे काही नवीन असेल म्हणून चाखला, तर आपली अंबाडीच. तिखट मात्र आपल्या दुप्पट.

मग नंदा मला ऑफिसात घेऊन गेली. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर देवळासारख्या चपला काढायच्या. मशीनला धूळ चालत नाही म्हणे. परदेशातली माणसं इथल्या क्षयाच्या दवाखान्यांना औषधं देतात. त्या औषधांचं पुढं काय झालं ते त्यांना दर तीन महिन्यांनी लिहून कळवायचं, हे नंदाचं काम. असल्या कामावरही पोट भरतं हे मला ठाऊक नव्हतं.

"आणि खोकणारी माणसं कुठं आहेत?" मी विचारलं.

"ते इथं कुठं, मावशी? ते बस्तीत." ती सगळं दवाखान्यातून आलेल्या कागदांवरून लिहीत होती. बस्तीत ती क्वचितच गेली होती.

या वेळी परदेशातल्या लोकांना बऱ्या झालेल्या एका बाईची हकिगत हवी होती, तिच्याच शब्दांत. नंदानं शेवंता नावाची बाई निवडली होती. शेवंता आपल्या मुखेडकडची. नंदा जन्मापासून हैदराबादेत, तिचं मराठी म्हणजे निम्मं 'हौ' आणि निम्मं 'नक्को'. "मी बोलले की ती नुस्ती हसते, मावशी. तू पूछ, मी लिहिते." माझं काम ते एवढंच.

शेवंता काचीगुड्याच्या रुळांच्या पलीकडच्या झोपड्यांत राहायची. त्या वर्षांत जुनी घरं पाडून जिकडंतिकडं फ्लॅट उठत होते, त्यांवर ती घमेली वाहायची. दवाखान्याचा नियम सोपा होता. आठवड्याला गोळ्यांचं रिकामं पाकीट परत द्यायचं आणि भरलेलं न्यायचं. शेवंताची पाकिटं शेवटपर्यंत वेळेवर आली होती. थुंकी तपासायची राहून गेली होती, पण पाकिटं बघून दवाखान्यानं 'बरी' लिहिलं आणि तेच नंदानं अहवालात घेतलं.

आम्ही तिच्या झोपडीत गेलो. अशी बरी झालेली बाई मी कधी पाहिली नाही. गळ्याची हाडं वर आलेली. चहा गाळताना ती दोनदा दम घ्यायला थांबली. तेवढ्यात लुगड्याच्या पडद्याआड कुणीतरी खोकलं.

"कोण आहे ते?"

"मांजर हाय, माय."

"मांजराला एवढा खोकला?" मी पडदा सारला. पोत्यावर एक बाई पडली होती. शेवंताची जाऊ, रुक्मिण.

ती मागाहून गावाकडनं आली होती. इथल्या रेशनकार्डावर नाव नाही, म्हणून दवाखान्यानं तिला परत पाठवलं होतं. शेवंतानं खाली बघत सांगितलं, "एक दिस मी गोळी खाते, एक दिस ती."

नंदा उंबऱ्यातच बसली. अर्ध्या औषधानं रोग अर्धा बरा होत नाही, उलट त्याला औषधाची सवय होते आणि पुढं तेच औषध लागू पडत नाही, असं ती मला सांगायला लागली.

शेवंतानं तिचे पाय धरले. "हे लिहू नका, बाई. माझं नाव कापतील. मंग दोघीबी मरून जाऊ."

नंदा माझ्याकडं वळली. खरं लिहिलं तर परदेशातले लोक हात काढून घेतील, दवाखाना बंद पडेल, असं ती म्हणाली.

"आणि नाही लिहिलंस तर ही बरी झाली असंच राहणार ना?"

"हौ."

"मग बऱ्या बाईला औषध कोण देईल?"

मी शेवंताला विचारलं, तुझ्या शब्दांत काय लिहायचं ते तूच सांग.

"लिहा, गोळ्या चांगल्या हायत. पर एकीच्या दोघींना पुरत न्हाईत."

नंदानं तेवढंच लिहिलं, खाली दोघींची नावं घातली आणि दुसऱ्या दिवशी फॅक्स केलं. दवाखान्याचे डॉक्टर तिच्यावर भडकले. चार दिवसांनी परदेशातून उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता, अशी आणखी किती घरं?

नंदाला ते ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही दोघी घरोघर गेलो. आणखी घरं निघाली. एका ठिकाणी तर सासू सुनेच्या गोळ्या ताकदीच्या म्हणून सगळ्या घराला वाटत होती. पाकिटं मात्र चोख परत. मी आयुष्यात पुष्कळ खोटं पाहिलं आहे, पण दवाखान्यात कुणीच खोटं न बोलता एवढं खोटं कागदावर गेलेलं तिथंच पाहिलं.

परदेशातला फॅक्स दाखवल्यावर डॉक्टरांनी दवाखान्यातल्या आयाबाईंचा पत्ता घालून रुक्मिणला तिचं स्वतःचं औषधाचं कार्ड दिलं. शेवंताची थुंकी तपासली, रोग तसाच होता. तिचं औषध पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झालं. आता गोळी दवाखान्यातच गिळायची. पहिला आठवडा मी तिथल्या बाकड्यावर बसून गोळी गिळली का बघायला दोघींना तोंड उघडायला लावलं.

परतीच्या दिवशी दोघी काचीगुड्याला आल्या, घर रुळांपलीकडंच. शेवंता म्हणाली, "तुमच्यापायी पुन्यांदा सगळं, म्हातारे." मी म्हटलं, गीळ मुकाट्यानं.

नंदानं डब्यासाठी लोणच्याची बरणी दिली आणि मी मागितलं नसताना नव्या अहवालाचा कागद दाखवला. इंग्रजी, मला वाचता आला नाही. शेवंताचं नाव कुठं आहे विचारलं, तर तिनं बोट ठेवलं. त्यापुढचं तिनंच वाचून दाखवलं, बरी नाही, औषध चालू. खालच्या ओळीत रुक्मिण.

गाडी हलली. खिडकीपाशी रुक्मिण माझ्याकडं बघत होती. मी काही म्हणायच्या आत तिनं स्वतःहून आ केला. मी वाकून नीट पाहिलं. तोंडात गोळी नव्हती.