हेडमास्तरांची दुर्बीण

माळव्यात धारेस मी एका शाळेत हंगामी ड्रॉइंगमास्तर होतो. तेव्हापासून पाखरं पाहायला जाणं या प्रकाराची मला जी चीड बसली ती कायमची. चैत्र लागला की दर रविवारी उजाडताच हेडमास्तर आम्हां पाच मास्तरांना तलावाच्या पाटावरून हिंडवत. त्यांना पाखरांच्या चित्रांचं एक पुस्तक दरबारात नजर करायचं होतं. चित्रं काढायची मी. पुस्तक पसंत पडलं तर तुम्हांला कायम करवतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. घरी आई, बायको, दोन मुलं त्या एका शब्दावर दिवस काढत होती.

पाटाची वाट अरुंद. चालायचं तेही दरबारी मानाने: पुढे हेडमास्तर, मग सेकंडमास्तर, मग शास्त्रीबुवा, मग बाकीचे दोघे, आणि सगळ्यांच्या शेवटी मी. दुर्बीण एकच, तीही मानानेच मागे यायची. सेकंडमास्तर न पाहताच "वा वा" म्हणायचे, शास्त्रीबुवा ती उलटी धरायचे. माझ्या हाती येईतो पाखरू उडालेलं असायचं आणि मी हलती फांदी पाहायचो. मग हेडमास्तर सांगतील ते रंग भरायचे. चित्र काढणाऱ्याला आधी दाखवावं, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. सुचवायची माझीही छाती झाली नाही.

एका रविवारी हेडमास्तर एकाएकी थबकले. "नवं पाखरू! पाठ तांबडी, चोचही तांबडी!"

दुर्बीण सेकंडमास्तरांकडे जायच्या आत पाखरू आमच्या डोक्यावरून आलं आणि नेमकं माझ्या मागे, दहा पावलांवर चिखलात उतरलं. मी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. साधी ढोकरी होती, तळ्याकाठचा नेहमीचा बगळा. विणीच्या दिवसांत तिची पाठ तांबूस होते, एवढंच. चोच चांगली पिवळी होती. पाटाचं पाणी सोडणारा माणूसही हसला. "यो तो बगलो हे, मास्टरसाब."

"चोच पिवळी आहे, साहेब," मी म्हणालो.

"तांबडी काढा," हेडमास्तर म्हणाले. "कायम व्हायचंय ना?"

मी तांबडी काढली. दरबारात त्याच चित्राचं सर्वांत जास्त कौतुक झालं, आणि मी कायम झालो. हेडमास्तरांचा मला मनस्वी तिटकारा आला, तो आजही आहे.

पुढच्या चैत्रात रांगेत माझ्या मागे नवा कवायतमास्तर आला. इकडचाच माळवी माणूस, हंगामी, पण पाखरांचा खरा वेडा. त्या दिवशी लांबच्या निंबावर पिवळाधमक हळद्या बसला होता. दुर्बीण माझ्याकडे आली तरी तो, कधी नव्हे तो, बसूनच होता.

"भिया, जरा म्हके भी देखवा दो," कवायतमास्तर मागून हळूच म्हणाला.

मी ऐकलं न ऐकलंसं केलं. हळद्या उडेपर्यंत दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मग ती त्याच्या हाती दिली.