पनवेलमध्ये आम्हाला वाट दाखवायला आलेला माणूस

मी इथे नुसती वाचक आहे. लोकांचे अनुभव वाचायचे, मनात हसायचं आणि झोपायचं... इतकंच. आमच्या घरात अंगारे-धुपारे कुणी केले नाहीत आणि मीही आयुष्यात कधी दृष्ट काढलेली नाही. कराडला शिवणाचा क्लास चालवते. कापड मापल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा स्वभाव. आज लिहितेय ते कुणाला पटावं म्हणून नाही. मला मदत हवी आहे म्हणून.

माझे वडील, अण्णा. एकोणऐंशी वर्षांचे. तीन-चार वर्षांपासून त्यांची स्मृती जात चालली आहे. आधी चष्मा, मग गल्ली, मग माणसं. मला ते "बाई" म्हणायला लागले. "बाई, जरा पाणी द्याल का?" स्वतःच्या मुलीला अहो-जाहो! मी लग्न केलेलं नाही, आई दोन वर्षांपूर्वी गेली, भाऊ बेंगलोरला. घरात आम्ही दोघंच आणि त्यातल्या एकाला दुसरं माणूस ओळखूच येत नाही... कसं असतं ते, शब्दांत नाही सांगता येत.

आईचं जाणंही त्यांच्या डोक्यात राहायचं नाही. रोज विचारायचे, "ही कुठे गेली?" दोन-तीनदा खरं सांगितलं. दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे कोसळायचे. मग मी सांगायला लागले — माहेरी गेलीय, येईल.

एकच गोष्ट ते पुन्हा पुन्हा बोलायचे. "पनवेलला जायचंय. वाट सापडत नाही." लग्नाआधी काही वर्षं ते पनवेलला भाताच्या गिरणीत कामाला होते, एवढंच मला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, जुनी जागा पाहून थोडं बरं वाटेलही, खात्री नाही. मला खात्री नकोच होती. एकदा "शैला" म्हणाले असते तरी पुरे होतं. मागच्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी त्यांना घेऊन निघाले.

एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. मॅनेजर भला माणूस. अण्णांकडे बघून म्हणाला, "मॅडम, एकट्या कशा फिरवणार यांना? एक म्हात्रे म्हणून आहेत, प्रायव्हेट गाईड. जुनं पनवेल, आसपासची गावं सगळं दाखवतात. बोलवू का?"

मी नको म्हटलं. फोनमध्ये नकाशा आहे, रिक्षा आहेत, दोन दिवसांसाठी गाईड कशाला? आणि खरं कारण वेगळंच... अण्णा परक्या माणसाला घाबरायचे. केस कापायला आलेल्या माणसालाही त्यांनी ढकलून दिलं होतं. पण भावाचा फोन आला. "ताई, हट्ट करू नकोस. ते हात सोडून रस्त्यात गेले तर तू काय करशील? घे ना गाईड!" रात्रभर घे-नको, घे-नको चाललं होतं. सकाळी मॅनेजरला म्हटलं, बोलवा. त्याने म्हात्रेंना माझा नंबर दिला.

नाश्ता करून खाली आलो तर गेटजवळ एक माणूस उभा. साठीचा असेल. राखाडी सदरा, पायात साध्या चपला, हातात मिटलेली छत्री. मी विचारलं, "गाईड ना तुम्ही?"

तो म्हणाला, "हा बाय. वाट दावाला आलोय."

आणि अण्णा... माझा हात सोडवून आपणहून त्याच्याकडे गेले. त्याने त्यांचा हात धरला. "चल बाळू," म्हणाला. म्हाताऱ्या माणसाशी लाडाने बोलत असेल असं मला वाटलं. अण्णांना बाळू फक्त माझी आजी म्हणायची, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

रिक्षाने तो आम्हाला बाजाराकडे घेऊन गेला. फार बोलत नव्हता. एका मोठ्या इमारतीपुढे थांबून म्हणाला, "इथं गिरण व्हती. भुसा उडायचा, डोल्यात जायचा." अण्णांनी लगेच डोळे चोळले! मी दोघांचा फोटो काढला, भावाला पाठवला. खाली लिहिलं — गाईड चांगला मिळालाय.

मग वडाळे तलावावर आलो. अण्णा बाकावर बसले. दहाची गोळी काहीतरी खाल्ल्यावर द्यायची होती, म्हणून मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबाल का? इडली घेऊन येते."

"जा बाय तू. मी हाय."

इडलीवाल्याच्या दुकानात गर्दी होती. पैसे देत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, नमस्कार, मी म्हात्रे, गाईड. सॉरी हां, कळंबोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. लॉजच्या खाली उभा आहे. येताय ना?"

मला आधी अर्थच लागला नाही. "कोण म्हात्रे? गाईड तर आमच्याबरोबर..."

इडल्या तिथेच टाकून धावले. बाक रिकामा होता.

त्यानंतरचे तास मला सलग आठवत नाहीत. तलावाला फेऱ्या मारल्या. भेटेल त्याला फोटो दाखवला. पळताना चपला कुठे गेल्या कळलं नाही. पाण्याकडे बघवत नव्हतं आणि नजर हटवताही येत नव्हती. खरे म्हात्रे मोटरसायकलवरून आले, तिशीचा मुलगा, घाबरून पांढरा पडलेला. त्याने फोटो पाहिला. "मॅडम, या लाईनमधल्या सगळ्यांना ओळखतो मी. हा माणूस कधी पाहिला नाही."

पोलीस चौकीत साहेबांनी विचारलं, "नाव काय सांगितलं त्यानं?"

"विचारलं नाही."

"नाव न विचारता वडिलांना सोपवलंत?"

फोनवर भाऊ ओरडत होता, मग रडायला लागला. म्हात्रेच्या गाडीवर मागे बसून मी रस्ते पालथे घातले. स्टँड, स्टेशन, सरकारी दवाखाना. तळोज्याकडे जाणारे ट्रक अंगावरून जायचे आणि प्रत्येक चाकाखाली मला अण्णाच दिसायचे. एका पुलाखाली मी म्हात्रेला थांबवलं आणि रस्त्यावरच बसले. ज्याला कधी हात जोडले नाहीत त्याला म्हटलं — मला ओळखू नकोत ते. आयुष्यभर बाई म्हणोत. फक्त परत दे.

दुपार कलली होती. अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज.

"शैला बोलता का? तुमचे बाबा आमच्या ओटीवर बसलेत. कोन गावाला या. घाबरू नका, जेवलेत ते."

"तुम्हाला नंबर कुणी दिला?"

"त्यांनीच सांगितला की. तोंडपाठ."

हा नंबर मी आई गेल्यानंतर घेतलाय. अण्णांना तो कधीच माहीत नव्हता. त्यांच्या खिशात चिठ्ठी नव्हती, मी नंतर सगळे खिसे उलटे करून पाहिले. आणि त्या छत्रीवाल्याने मला नंबर विचारलाच नव्हता.

कोन गावातलं ते घर आता स्लॅबचं आहे. ओटीवर अण्णा बसले होते, पुढ्यात ताट, तांदळाच्या भाकरीचा तुकडा हातात. मला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"शैला! अनवाणी काय हिंडतेस गं? पाय बघ."

मी तिथेच त्यांच्या पायांशी बसले. रडू आवरेना. ते भाकरीच्या हाताने माझं डोकं थोपटत राहिले.

घरातली बाई सांगत होती, "एकटेच आले वो. सरळ आत. दारात मान वाकवली, आमचं जुनं दार ठेंगणं व्हतं तसं. आणि विचारलं, काशीबाय हाय का? काशीबाय म्हंजे माज्या सासूची सासू. गिरणीतल्या पोरांना जेवन घालायची. तिला जाऊन कितीक वर्षं झाली!"

फोटो तिला दाखवला, शेजारच्या म्हाताऱ्यांना दाखवला. सगळ्यांनी नीट पाहिला. नाय, आमच्यातला नाय.

"अण्णा, तुम्हाला इथे कुणी आणलं?"

"त्यानेच," ते म्हणाले. "वाट त्यालाच ठाऊक. मला एकट्याला कुठली सापडायला?"

"तो म्हणजे कोण?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मीच विसरभोळी. पण नाव सांगितलं नाही. तलावापासून कोन सहा-सात किलोमीटर तरी आहे, मध्ये मोठा रस्ता. अण्णांना जिना चढवत नाही. पण ते दमलेले नव्हते.

परतताना रिक्षात त्यांनी माझा हात हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "तुझी आई गेली ना गं?"

मला खोटं बोलवलं नाही. "हो अण्णा."

"एकटीने सगळं केलंस..." म्हणाले आणि रडले. या वेळी कोसळले नाहीत. ती गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघं एकत्र आईसाठी रडलो. लॉजवर पोचेपर्यंत ते माझे अण्णा होते. क्लासचं विचारलं, भावाचं विचारलं, जेवलीस का विचारलं. मी चौकीत कळवायला गेले तर साहेब म्हणाले, "माणूस सापडला ना मॅडम? मग तक्रार कशाची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उठले तेव्हा म्हणाले, "बाई, पाणी द्याल का?"

मी याचा पुष्कळ विचार केलाय. कुणीतरी जुना ओळखीचा असेल, मग अण्णांच्या वयाचा का नव्हता? ठग असेल, मग घेतलं काय? डॉक्टर म्हणतात, अशा रुग्णांना कधी कधी अचानक आठवतं. आठवत असेल. पण जे कधी माहीतच नव्हतं, ते कसं आठवेल? आता मी उत्तर शोधतही नाही.

गेल्या महिन्यात भावाला अण्णांजवळ बसवून पुन्हा गेले होते, एकटी. दिवसभर त्या लॉजच्या गेटपाशी उभी राहिले. म्हात्रे भेटला. "मॅडम, फिरवू का?" म्हणाला. मी नको म्हटलं. तो समजला, माझ्याजवळ थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. दुसरं कुणीच आलं नाही.

अण्णा आता अंथरुणावरून उठत नाहीत. घास गिळत नाहीत. "बाई"सुद्धा म्हणत नाहीत.

पनवेल, कळंबोली, रोडपाली, कोन... त्या बाजूचं कुणी हे वाचत असेल तर हात जोडून विनंती. साठीचा माणूस, राखाडी सदरा, हातात मिटलेली छत्री. मला त्याला काहीही विचारायचं नाही. कोण तू, कुठला, काहीच नाही. दिसला तर फक्त एवढं सांगा — बाळू अजून आहे. त्याला वाट सापडत नाहीये. लवकर ये.