खिडकीखालचा सोफा

आमच्या कंपनीकडं शहरातल्या एका फर्निचरवाल्याचं ॲप बनवायचं काम आलं होतं. त्याला त्यात दोन करामती हव्या होत्या. फोन घरात फिरवला की कॅमेऱ्यानं समोरच्या वस्तू ओळखायच्या आणि मग ऑगमेंटेड रिॲलिटीनं दुकानातला सोफा तुमच्याच खोलीत ठेवून दाखवायचा. ऑफिसात सगळं झकास चालायचं, कारण तिथं ॲपही आमचं आणि ओळखायच्या खुर्च्याही आमच्याच. साहेब म्हणाले, "आता एखाद्या खऱ्या घरात चालवून बघा." खरं घर म्हणून मला बजाजनगरातलं आई-बाबांचंच सुचलं.

रविवारी फोन घेऊन येते म्हटल्यावर आईनं घर झाडून-पुसून घेतलं, खाटेवरची चादर बदलली. फोनसमोर शोभा व्हायला नको.

मी फोन आधी ज्वारीच्या कोठीवर धरला. ॲप म्हणालं, वॉशिंग मशीन.

"माझ्या माहेरची कोठी हाय ती," आई फोनला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

मग फोन बाबांकडं वळवला. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झालेले बाबा पेपर वाचत बसले होते. पडद्यावर अक्षरं उमटली: खुर्ची.

"आन् मी?" बाबांनी विचारलं.

"त्याला फक्त सामान शिकवलंय, बाबा. माणसं नाही शिकवली अजून."

"बरंय," म्हणत ते पुन्हा पेपरात गेले.

सोफा मात्र सुरेख उतरला. करडा, खिडकीखाली, थेट भिंतीला टेकलेला. आई एकदा फोनमध्ये बघायची, एकदा फोनमागच्या रिकाम्या फरशीकडं.

"तिथं नको. तिथं मी भाजी निवडती."

"तिथंच राहू दे," बाबा म्हणाले. "उजेड हाय. जन्मभर मशीनपुढं उभा राहिलो, आता तरी बसू दे की."

"मग मी काय दारात बसू?"

सोफा पलीकडं सरकवला तर बाबा रुसले, परत आणला तर आई. चहा झाला तो दोघांनी दोन भिंतींकडं तोंडं करून. बाबा पाणी प्यायला उठले तशी आई म्हणाली, "अहो, सोफ्यावरनं जाऊ नका." आणि बाबा मुकाट वळसा घालून गेले! दोघांच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्यामुळं मलाही हसायची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी गेले तर शेजारच्या काकूंनी दारातच अडवलं. "सोफा घेतला म्हणं? लई मोठाय म्हणं?"

आत खाट समोरच्या भिंतीला गेली होती, कोठी स्वयंपाकघरात. खिडकीखालची सगळी जागा मोकळी करून तिथं सतरंजी अंथरलेली. तिच्या एका टोकाला बाबा पेपर वाचत होते, दुसऱ्या टोकाला आई मेथी निवडत होती.

"मग सोफा सांगू ना दुकानात?" मी विचारलं.

"नाय गं," बाबा म्हणाले. "त्यानं जागा दाखवली, तेवढं लई झालं."

"व्हय," आई म्हणाली. "आणला तर पुन्हा अडचण."

सोमवारी साहेबांनी विचारलं, "खऱ्या घरात कसा वाटला सोफा?"

"फार उपयोगी पडला, सर," मी म्हणाले.

साहेब खूश झाले. माझं वाक्य त्यांनी जसंच्या तसं फर्निचरवाल्याला ऐकवलं. तोही खूश झाला. सोफा घेतला का, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.