अंद्रोमालियसची चाळण

एर्सिलिओसारखा डुक्कर कापणारा इटलीतल्या नॉर्चाच्या डोंगरात दुसरा नव्हता. पण गावात त्याचा खरा मान होता तो चाळणीमुळे. कुणाचं काही चोरीला गेलं की पिठाच्या चाळणीच्या कडेत कात्री रोवायची, दोघांनी एकेका बोटावर ती तोलायची, अंद्रोमालियसला हाक मारायची आणि एकेक नाव घ्यायचं. अंद्रोमालियस म्हणजे हातात साप धरलेला नरकातला सरदार. चोर पकडून देणं हेच त्याचं काम. चोराचं नाव आलं की चाळण फिरणार. पाद्री रविवारी या चाळणीच्या नावानं बोटं मोडायचे आणि स्वतःची कोंबडी हरवली की गुपचूप यायचे!

त्या हिवाळ्यात उबाल्दोच्या घरातून डुकराची खारवलेली अख्खी मांडी गेली. त्याच्याच स्वयंपाकघरात सगळे जमले. एका बाजूला उबाल्दोचं बोट, दुसऱ्या बाजूला एर्सिलिओचं. "वेरिदियाना" हे नाव निघालं आणि चाळण गर्रकन फिरली.

वेरिदियाना विधवा. मांसाला मीठ चोळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. थोड्याच दिवसांपूर्वी एर्सिलिओनं तिला लग्नाचं विचारलं होतं आणि ती पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हणाली होती, "आधी हात धुऊन ये रे बाबा, मग बघू!" बायका हसून लोळल्या. तो घाव आत ठसठसत होता. तिचं नाव आलं आणि त्याचं बोट हललं. एवढंसंच, पण त्याला ते कळलं. तोंडातून मात्र शब्द फुटला नाही.

मग काय, तिला कुणी दारात उभं करेना. मांस खारवायचे दिवस कामाविना गेले आणि बाईनं हिवाळा उकडलेल्या चेस्टनटवर काढला. तिच्या घरावरून जाताना एर्सिलिओ मान वर करत नसे.

ईस्टरच्या आधी मांडी सापडली. उबाल्दोच्या म्हाताऱ्या आईनं, घरोघरचं खाणं उचलून नेणाऱ्या शिपायांच्या भीतीनं, ती गवतात लपवली होती आणि साफ विसरली होती.

"फसवलं की मेल्यानं!" उबाल्दो म्हणाला. "सैतानच तो, खरं कशाला बोलेल?" सगळे टोपलीत अंडी, पाव घेऊन वेरिदियानाच्या दारात गेले. तीही म्हणाली, "जाऊ दे, सैतानाच्या तोंडी कोण लागणार?"

एर्सिलिओ सुटला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. पण तिचे खप्पड गाल पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सैतान-बितान कुणी नव्हतं," तो म्हणाला. "बोट माझं होतं. मुद्दाम हलवलं."

"डोकं फिरलं का तुझं?" उबाल्दो त्याला मागे ओढू लागला.

वेरिदियानानं हातातला पाव परत टोपलीत ठेवला.

"सैतानावर राग धरून काय करायचं, म्हणून सोडून दिलं होतं रे मी," ती म्हणाली. "आता तुला कशी सोडू?"

तिनं दार लावून घेतलं. लोक पांगले, तरी एर्सिलिओचा पाय तिथून उचलेना.